वेळेवरची सोय : महाविद्यालयातील दिव्यांग विद्यार्थी

दिव्यांग विद्यार्थ्याच्या शिक्षणात दहावी-बारावीनंतरचा टप्पा सर्वांत खडतर असतो. महाराष्ट्रातील अनेक अंध आणि कर्णबधिर मुले निवासी विशेष शाळांत वाढतात. तिथे ब्रेल येणारे किंवा खुणांची भाषा समजणारे शिक्षक असतात, सोबतीला तशीच मुले असतात आणि वसतिगृहही असते. सर्वसाधारण शाळेत जाणाऱ्या मुलांच्या मागे आई किंवा वडील उभे असतात, वर्गशिक्षिकेला वरचेवर भेटून काय हवे-नको ते सांगत असतात. महाविद्यालयात हे सगळे एका उन्हाळी सुट्टीत संपते. वर्गात शंभर-सव्वाशे मुले, तासागणिक बदलणारे प्राध्यापक, तीन मजल्यांवर विखुरलेले तास, आणि आपल्याला काय लागते हे प्रत्येक दारी जाऊन स्वतः सांगण्याची पाळी. पुण्यात मीरा बडवे यांनी १९९६ मध्ये निवांत अंध मुक्त विकासालय सुरू केले, ते याच टप्प्यावर अडलेल्यांसाठी. अंधशाळेतून बाहेर पडल्यावर राहायला जागा नाही आणि शिकायला पुस्तक नाही, अशा मुलामुलींना उच्च शिक्षण घेता यावे हा त्यामागचा हेतू होता.

किती मुले या टप्प्यावर गळतात, याचा अंदाज सरकारी आकड्यांवरून येतो. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या, म्हणजे लोकसंख्येत हजारी बावीस. त्यांपैकी जवळजवळ तीस लाख महाराष्ट्रातल्या होत्या. उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या अखिल भारतीय पाहणीत मात्र ४ कोटी ३३ लाख विद्यार्थ्यांमध्ये दिव्यांग विद्यार्थी सुमारे ८९ हजार, म्हणजे हजारी दोन. जनगणनेच्या आकड्यात वृद्धही मोजलेले आहेत आणि महाविद्यालयात अनेक विद्यार्थी आपले अपंगत्व नोंदवतच नाहीत, हे दोन्ही ध्यानात घेतले तरी तफावत फार मोठी उरते. शिवाय अपंगत्व न नोंदवणे हाही या प्रश्नाचाच भाग आहे. सांगून काही मिळत नसेल आणि वर चारचौघांत वेगळे पाडले जाणार असेल, तर विद्यार्थी गप्प राहणेच पसंत करतो.

कायद्याची बाजू आज भक्कम आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते आणि उच्च शिक्षणात तीन टक्के जागा राखीव होत्या. त्याची जागा घेणारा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याने प्रकारांची संख्या एकवीस केली. शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमध्ये किमान पाच टक्के जागा राखीव ठेवणे आणि प्रवेशासाठी वयाची अट पाच वर्षांनी सैल करणे बंधनकारक झाले. या राखीव जागांसाठी अपंगत्व किमान चाळीस टक्के असावे लागते. एकवीस प्रकारांत अंधत्व, अल्पदृष्टी, कर्णबधिरत्व, अस्थिव्यंग, मानसिक आजार हे पूर्वीचे तर आहेतच, शिवाय स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, पार्किन्सन्स, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल, आम्लहल्ल्यातून आलेले अपंगत्व यांचाही समावेश आहे.

राखीव जागांची चर्चा पुष्कळ होते. त्याच कायद्यातली दुसरी तरतूद रोजच्या शिक्षणाच्या दृष्टीने जास्त मोलाची आहे. प्रत्येक विद्यार्थ्याच्या गरजेनुसार संस्थेने आपल्या व्यवस्थेत वाजवी बदल करून द्यायचे, आणि ते न करणे हा भेदभाव ठरतो. हे बंधन शासनाने मान्यता दिलेल्या खासगी संस्थांनाही लागू आहे. बदल संस्थेला न पेलणारा असेल तरच त्याला अपवाद. तास पहिल्या मजल्यावरून तळमजल्यावर आणणे, टिपणे आदल्या दिवशी ईमेलने पाठवणे, तोंडी परीक्षा लेखी घेणे, असले बदल न पेलणारे आहेत असे कोणतेही महाविद्यालय म्हणू शकणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१७ च्या निकालात राखीव जागा न भरणाऱ्या संस्थांना जबाबदार धरले आणि दरवर्षी किती दिव्यांग विद्यार्थ्यांना प्रवेश दिला याची माहिती दिव्यांग आयुक्तांकडे पाठवण्यास सांगितले.

चाळीस टक्क्यांची अट राखीव जागांपुरती आहे. तरी पुष्कळ कार्यालयांत ती प्रत्येक सवलतीची चाळणी म्हणून वापरली जाते आणि पस्तीस टक्क्यांचे प्रमाणपत्र घेऊन आलेल्या मुलाला परत पाठवले जाते. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी हा गैरसमज दूर केला. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या त्या उमेदवाराला लेखनिक नाकारला गेला होता. लेखनिकाची गरज हाताच्या अडचणीवरून ठरवावी, टक्क्यांवरून नव्हे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी केंद्र सरकारने चाळीस टक्क्यांपेक्षा कमी अपंगत्व असलेल्या, पण लिहिण्यात अडचण असलेल्या उमेदवारांसाठी स्वतंत्र सूचना काढल्या.

उलट दिशेने जाणारी चूकही तितकीच नुकसानकारक आहे. टक्के जास्त म्हणून हा अभ्यासक्रम झेपणारच नाही, असे कागदावरून ठरवले जाते. वाचा आणि भाषेशी संबंधित अपंगत्व असलेल्या ओंकार गोंड या विद्यार्थ्याला एमबीबीएसच्या प्रवेशासाठी अपात्र ठरवले गेले होते. मुंबई उच्च न्यायालयातून पुढे गेलेल्या त्याच्या प्रकरणात १५ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, केवळ आकडा पाहून कुणाला बाद करता येणार नाही. हा विद्यार्थी हा अभ्यासक्रम प्रत्यक्षात पुरा करू शकेल का, याविषयीचे मत अपंगत्व तपासणाऱ्या मंडळाने नोंदवले पाहिजे. महाविद्यालयाच्या पातळीवरही हाच दृष्टिकोन उपयोगी पडतो. प्रमाणपत्र अपंगत्व किती ते सांगते. शिकताना नेमके कुठे अडते, हे विद्यार्थ्यालाच विचारावे लागते.

अंध आणि अल्पदृष्टी विद्यार्थ्याचे पहिले अडते ते पुस्तकाशी. ब्रेलमधील पुस्तक छापील पुस्तकापेक्षा कितीतरी जाड होते, एकाचे अनेक खंड होतात, आणि पदवीच्या अभ्यासक्रमांची ब्रेल पुस्तके मुळातच विरळा. वाढत्या वयात दृष्टी गेलेल्या अनेकांना ब्रेल येतही नाही. म्हणून आज महाविद्यालयीन अंध विद्यार्थ्याचा मुख्य आधार संगणक आणि मोबाइल हा आहे. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर, म्हणजे स्क्रीन रीडर, त्याच्यासाठी डोळ्यांचे काम करतात. त्यांतले जॉज हे महागडे आहे. एनव्हीडीए मात्र पूर्णपणे मोफत आहे. मायकल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातील दोन अंध तरुणांनी ते तयार केले. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आधीपासूनच असते. ही साधने मराठीही वाचतात.

तरीही मराठी माध्यमाचा अंध विद्यार्थी इंग्रजी माध्यमाच्या विद्यार्थ्यापेक्षा मागे राहतो, आणि त्याचे कारण फाँटमध्ये आहे. मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी वर्षानुवर्षे जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये होत आली. त्या पद्धतीत संगणकाच्या लेखी अक्षरे रोमनच असतात. त्यांना फक्त देवनागरीचा आकार दिलेला असतो. डोळस वाचकाला पानावर स्वच्छ मराठी दिसते, पण स्क्रीन रीडरला मिळते ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक माळ. युनिकोडमध्ये टंकलेला मजकूर तेवढा नीट वाचला जातो. प्राध्यापकांच्या टिपणांचे मोबाइलवर काढलेले फोटो आणि पुस्तकाची पाने स्कॅन करून केलेल्या पीडीएफ यांची अवस्था आणखी वाईट असते. ती केवळ चित्रे असतात आणि स्क्रीन रीडर त्यावर काहीच बोलत नाही. चित्रातून अक्षरे ओळखणारी सॉफ्टवेअर देवनागरीसाठीही आहेत. पण जोडाक्षरे, काना-मात्रा आणि फिकट छपाई यांत ती चुकतात, म्हणून कुणीतरी मूळ पानाशी ताडून मजकूर दुरुस्त करावा लागतो. मराठी साहित्य, इतिहास किंवा राज्यशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्याचे अर्धे वर्ष या खटाटोपात जाते, आणि पुस्तक वाचण्याजोगे होते तेव्हा परीक्षा तोंडावर आलेली असते. परीक्षेच्या आठवड्यात मिळालेले पुस्तक न मिळाल्यासारखेच.

यावरचा उपाय महाविद्यालयाच्या हातात आहे. अभ्यासक्रम आणि संदर्भपुस्तके एप्रिल-मेमध्ये ठरलेली असतात. त्याच वेळी ग्रंथालयाने प्रकाशकाकडे मूळ फाइल मागावी, जुन्या फाँटमधील फाइल युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावी, आणि जे मिळणार नाही ते टंकून घ्यावे. कॉपीराइटची भीती घालणाऱ्यांसाठी उत्तर तयार आहे. २०१२ मध्ये दुरुस्त झालेल्या कायद्याने, छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या व्यक्तींसाठी पुस्तक त्यांना वाचता येईल अशा रूपात आणण्याची मुभा दिली आहे. याच विषयावर २०१३ मध्ये झालेल्या माराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा जगातला पहिला देश होता. २०१६ मध्ये सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयातून अनेक संस्थांनी तयार केलेली पुस्तके एकत्र मिळतात, त्यामुळे एका महाविद्यालयाने टंकलेले पुस्तक दुसऱ्याला पुन्हा टंकावे लागत नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून चालणारे दृष्टिहीनांसाठीचे संसाधन केंद्र हे या कामाचे महाराष्ट्रातले ठळक उदाहरण आहे. भारतीय प्रशासकीय सेवेत निवड झालेल्या पहिल्या दृष्टिहीन महिला प्रांजल पाटील या उल्हासनगरच्या. त्यांनी पदवी सेंट झेवियर्समधूनच घेतली.

वर्गातली मदत तर अगदी साधी आहे. फळ्यावर लिहिताना ते मोठ्याने उच्चारावे. ‘हे इथून इथे गेले’ असे न म्हणता काय कुठून कुठे गेले ते नावानिशी सांगावे. आलेखाचे शब्दांत वर्णन करावे. अल्पदृष्टी विद्यार्थ्याला मोठ्या अक्षरांतली प्रत आणि पहिल्या बाकावरची, खिडकीची तिरीप डोळ्यांवर न येणारी जागा पुरते. पण त्याला दिसते आणि दिसत नाही, अशा दोन्ही तक्रारी ऐकाव्या लागतात. बसस्टॉपवर मित्राला ओळखणारा मुलगा फळा वाचू शकत नाही, यावर लोकांचा विश्वास बसत नाही.

परीक्षेच्या वेळी प्रश्न येतो लेखनिकाचा. केंद्र सरकारच्या २९ ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी त्याची चौकट घालून दिली. त्यांनुसार उमेदवाराला स्वतःचा लेखनिक आणता येत होता किंवा परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडे मागता येत होता. संस्थेने दिलेल्या लेखनिकाला परीक्षेच्या दोन दिवस आधी भेटण्याची मुभा असावी. उमेदवाराने आपला लेखनिक आणला, तर त्याची शैक्षणिक पात्रता उमेदवाराच्या एक पायरी खाली असावी, असे त्यांत म्हटले होते. दर तासाला किमान वीस मिनिटे जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. ब्रेल, संगणक, मोठी छपाई यांपैकी माध्यम निवडण्याची सोय आहे. बोलणारा कॅल्क्युलेटर, ब्रेल पाटी अशी साधने वापरता येतात. या सूचनांमध्ये वेळोवेळी बदल होतात, म्हणून प्रत्येक परीक्षेआधी त्या त्या विद्यापीठाचे ताजे परिपत्रक पाहणे आवश्यक आहे.

कागदावर नेटकी दिसणारी ही व्यवस्था प्रत्यक्षात लेखनिक सापडण्यावर अडते. परीक्षेच्या हंगामात बाकीच्या मुलांचीही परीक्षा असते, त्यामुळे पात्र लेखनिक मिळणे दुरापास्त होते. आयत्या वेळी आलेल्या लेखनिकाला विषयातल्या संज्ञा लिहिता येत नाहीत, आणि अर्थशास्त्राच्या पेपरात एकेका शब्दाचे शुद्धलेखन सांगण्यात वेळ जातो. लेखनिक वर्गातला विद्यार्थी नसल्याने त्याला समास, आकृती, मुद्दा अधोरेखित करणे, पुरवणीवर क्रमांक घालणे हे सारे सांगावे लागते. विद्यार्थ्यालाही सांगून लिहून घेण्याची सवय असावी लागते. मनात तयार असलेले उत्तर दुसऱ्याच्या वेगाने, पूर्ण वाक्यांत उच्चारणे हे शिकून येणारे कौशल्य आहे. म्हणून अंतर्गत चाचणीपासूनच तोच लेखनिक मिळाला तर मुख्य परीक्षेत फरक पडतो. बहुतेक महाविद्यालये मात्र लेखनिक शोधण्याचे काम विद्यार्थ्यावर सोपवून मोकळी होतात. परगावाहून आलेल्या, वसतिगृहात राहणाऱ्या अंध मुलीने अनोळखी शहरात घरोघर लेखनिक शोधत फिरावे, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. महाविद्यालयाने राष्ट्रीय सेवा योजनेच्या मदतीने जुलैमध्येच लेखनिकांची यादी केली, त्यांना दोन तास शिकवले आणि विद्यार्थ्यांशी त्यांची गाठ घालून दिली, तर हा प्रश्न मुळातच उरत नाही.

जादा वेळ ही मेहेरबानी नाही, हे सांगण्यासाठीही सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. लिहिण्याची अक्षमता असलेल्या अवनी प्रकाश या विद्यार्थिनीला २०२१ च्या नीट परीक्षेत एक तास जादा मिळायला हवा होता, तो केंद्रावर मिळाला नाही. २३ नोव्हेंबर २०२१ च्या निकालात न्यायालयाने तिचा हक्क मान्य केला आणि झालेल्या नुकसानीची भरपाई कशी करायची ते ठरवण्यास राष्ट्रीय चाचणी संस्थेला सांगितले. निकाल तिच्या बाजूने लागला, पण पुन्हा परीक्षा देण्याची तिची मागणी मान्य झाली नाही. हुकलेला एक तास नंतर कुठल्याही आदेशाने जसाच्या तसा परत देता येत नाही.

कर्णबधिर विद्यार्थ्यांची अडचण बाहेरून दिसत नाही, म्हणून तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. श्रवणयंत्र लावले की ऐकू येते, हा समज चुकीचा आहे. यंत्र प्राध्यापकांच्या आवाजाबरोबर पंख्याची घरघर आणि बाहेरचा गोंगाटही मोठा करते. ओठांवरून शब्द ओळखण्यालाही मर्यादा आहे. पार, बार आणि मार हे शब्द उच्चारताना ओठ सारखेच हलतात. अर्थ संदर्भावरून जुळवावा लागतो, आणि नव्या विषयात तो संदर्भच ठाऊक नसतो. प्राध्यापकांनी फळ्याकडे तोंड करून बोलणे टाळले, विद्यार्थ्याला समोर बसवले, तासाच्या आधी मुद्दे दिले आणि वर्गातल्या कुणीतरी प्रश्न विचारला तर तो पुन्हा सांगितला, तर बराच भार हलका होतो. गळ्यात अडकवायचा छोटा माइक थेट श्रवणयंत्राशी जोडता येतो. बोललेले लिहून दाखवणारी मोबाइल ॲप्स मराठीतही चालतात, पण विषयाच्या संज्ञा चुकवतात.

ज्यांची पहिली भाषा खुणांची आहे अशांचे काम यावर भागत नाही. लेखी मराठी त्यांच्यासाठी दुसरी भाषा असते. विभक्ती प्रत्यय आणि क्रियापदांची रूपे त्यांच्या लिखाणात चुकतात, आणि विषय समजलेला असूनही गुण कापले जातात. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याने आशयाला गुण द्यावेत, ही सूचना त्यांच्या बाबतीत फार महत्त्वाची आहे. त्यांना दुभाषा लागतो आणि महाविद्यालयीन पातळीवर दुभाषे अतिशय कमी आहेत. मुंबईत वांद्र्याला असलेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था दुभाषे घडवते. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राने २०२१ पर्यंत दहा हजार शब्दांचा कोश पुरा केला. तरी बहुसंख्य जिल्ह्यांत वाणिज्य किंवा विज्ञान शाखेचा तास खुणांच्या भाषेत समजावून देणारा माणूस आजही मिळत नाही. दुभाषा असला तरी त्याच्याकडे पाहताना विद्यार्थ्याला लिहिता येत नाही, म्हणून टिपणे दुसऱ्या कुणाकडून मिळण्याची व्यवस्था हवीच.

इमारतीचा प्रश्न सर्वांना चटकन समजतो, पण उतार बांधला की तो सुटला असे मानले जाते. व्हीलचेअरच्या उताराचे मान एकास बारा आहे, म्हणजे एकूण दीड फूट उंचीच्या तीन पायऱ्यांसाठी अठरा फूट लांब उतार हवा. जागा कमी म्हणून सहा फुटांत उरकलेल्या उतारावरून व्हीलचेअर दुसऱ्याने ढकलल्याशिवाय चढत नाही आणि उतरताना पालथी होण्याची भीती असते. उतारानंतर येतो अरुंद दरवाजा, बंद असलेली लिफ्ट, उंबरठा, आणि सर्वांत कठीण म्हणजे स्वच्छतागृह. व्हीलचेअर आत जाईल असे स्वच्छतागृह नसल्यामुळे मुली सकाळपासून पाणी प्यायचे टाळतात आणि मूत्रमार्गाचे आजार ओढवून घेतात. हे एक स्वच्छतागृह नाही म्हणून शिक्षण सोडणाऱ्या मुलीची नोंद कुठल्याही अहवालात ‘घरगुती कारण’ अशीच होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये सुगम्यतेची सविस्तर मानके प्रसिद्ध केली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशीवजा असल्याबद्दल सरकारला दोष दिला आणि तीन महिन्यांत बंधनकारक नियम करण्यास सांगितले. नवे बांधकाम होईपर्यंत थांबण्याची मात्र गरज नाही. एखाद्या तुकडीत व्हीलचेअर वापरणारा विद्यार्थी असेल, तर त्या तुकडीचे सगळे तास तळमजल्यावर लावणे हे वेळापत्रक करणाऱ्याच्या एका दुपारचे काम आहे.

विज्ञान शाखेत दिव्यांग विद्यार्थी कमी दिसतात. अकरावीला प्रवेश घेतानाच त्यांना कला शाखेकडे वळवले जाते आणि कारण म्हणून प्रयोगशाळा दाखवली जाते. वास्तविक प्रयोगाचे ज्ञान हातांच्या हालचालीपुरते नसते. विद्यार्थ्याने सूचना द्यायच्या, सहायकाने तशी कृती करायची आणि निरीक्षणावरून निष्कर्ष विद्यार्थ्याने काढायचा, ही पद्धत अनेक प्रयोगांना चालते. एक टेबल कमी उंचीचे केले की बसून प्रयोग करता येतो.

न दिसणाऱ्या अपंगत्वांविषयी जास्त तपशिलात बोलणे गरजेचे आहे, कारण तिथे गैरसमज सर्वाधिक आहेत. वाचन-लेखन-गणितातील अध्ययन अक्षमता असलेला मुलगा तोंडी उत्तर उत्तम देतो आणि लेखी पेपरात नापास होतो. त्याला आळशी ठरवले जाते. महाराष्ट्रात दहावी-बारावीला या मुलांना सवलती मिळण्याची परंपरा जुनी आहे. महाविद्यालयात आल्यावर मात्र तीच सवलत पुन्हा पहिल्यापासून मिळवावी लागते. कधी प्रमाणपत्र जुने झालेले असते, कधी ते कुठे द्यायचे हेच कुणाला माहीत नसते. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. या आजारात अचानक तीव्र वेदना उठतात आणि काही दिवस रुग्णालयात काढावे लागतात. थॅलेसेमियाच्या विद्यार्थ्याला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त घ्यावे लागते. मानसिक आजारावरच्या गोळ्यांनी सकाळी झोप अनावर होते. हे विद्यार्थी अडकतात ते हजेरीत. पंचाहत्तर टक्क्यांचा नियम त्यांना परीक्षेबाहेर ठेवतो, आणि वैद्यकीय दाखला घेऊन वर्षाच्या शेवटी प्राचार्यांपुढे उभे राहण्यावाचून त्यांच्याकडे मार्ग उरत नाही. प्रवेशाच्या वेळीच आजाराची नोंद करून हजेरीची वेगळी मोजणी आणि चुकलेल्या चाचणीची दुसरी तारीख ठरवून ठेवली, तर हा दरवर्षीचा छळ थांबेल. ही माहिती वर्गात जाहीर होणार नाही, याची हमीही त्याच वेळी द्यावी लागते.

हे सगळे कुणी करायचे, हा प्रश्न बहुतेक महाविद्यालयांत अनुत्तरित असतो. समान संधी कक्ष कागदावर असतो, त्याचा फलकही असतो. पण ज्या प्राध्यापकाकडे तो दिलेला असतो त्याच्याकडे आणखी चार समित्या असतात. जिथे काम चालते तिथे एकच गोष्ट वेगळी आढळते: एका ठरावीक व्यक्तीकडे जबाबदारी असते आणि तिच्या शब्दाला कार्यालयात वजन असते. ही व्यक्ती प्रवेशानंतर पंधरवड्याच्या आत विद्यार्थ्याशी बोलते, काय लागेल ते लिहून घेते आणि संबंधित प्राध्यापकांना, ग्रंथालयाला आणि परीक्षा विभागाला लेखी कळवते. मग विद्यार्थ्याला प्रत्येक सत्रात, प्रत्येक नव्या शिक्षकासमोर आपली कहाणी पुन्हा सांगावी लागत नाही. असे एक पत्र निघणे आणि न निघणे यावर कित्येकांची पदवी अवलंबून असते. सहाध्यायींचाही वाटा मोठा आहे. टिपणांची प्रत देणारा किंवा बसथांब्यापर्यंत सोबत करणारा मित्र अनेकांना तारतो. परंतु मैत्रीवर संस्थेने आपले कर्तव्य सोपवू नये. मित्र आजारी पडला म्हणून विद्यार्थ्याचा तास बुडता कामा नये.

पैशांच्या मदतीच्या योजना आहेत. केंद्राच्या दिव्यांग विद्यार्थ्यांसाठीच्या शिष्यवृत्त्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर मिळतात आणि राज्याची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती महाडीबीटीवर. तंत्रशिक्षण घेणाऱ्यांसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची सक्षम शिष्यवृत्ती वर्षाला ५० हजार रुपयांची आहे. या सर्वांसाठी स्वावलंबन पोर्टलवरून मिळणारे वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, आधीच काढून ठेवलेले बरे, कारण रुग्णालयातील तपासणीची तारीख मिळण्यात बराच काळ जातो. अकरावीत असतानाच अर्ज करावा. हक्क नाकारला गेल्यास प्रथम महाविद्यालयाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि नंतर पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभागही स्थापन केला आहे.

सामान्य वाचकालाही यात करण्यासारखे पुष्कळ आहे. पदवीच्या विद्यार्थ्याला त्याच्याहून कमी शिकलेला लेखनिक लागतो, तेव्हा प्रथम वर्षात शिकणाऱ्या मुलामुलींनी परीक्षेच्या तारखा पाहून जवळच्या महाविद्यालयात आपले नाव द्यावे. ज्यांना मराठी युनिकोडमध्ये टंकता येते, ज्यांची शुद्धलेखनावर पकड आहे, अशा निवृत्त शिक्षकांनी आणि घरबसल्या काम करू शकणाऱ्यांनी एखाद्या पाठ्यपुस्तकाची वीस पाने टंकून किंवा तपासून द्यावीत. आणि हे काम ऑक्टोबरात नव्हे, जूनमध्ये मागून घ्यावे.